गुरुवारची चावी

यादी उतरवताय ना? उतरवा. फक्त प्रत्येक नावाखाली पट्टी धरा. हा घे पुठ्ठ्याचा तुकडा. हसू नकोस गं, तुझ्या आजोबाने एकतीस वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं बांधली आहेत. शिकलेली माणसं उतरवताना काय काय गाळतात ते मला विचार. आणि तुझ्या या दोघा मित्रांना सांग, मोबाइल पालथे ठेवा. साडेनऊ वाजलेत, बाहेर गारठा आहे, कुठे जायचंय तुम्हाला?

मध्ययुगाच्या विभागात प्रवेश मिळाला, आल्या आल्या वाचनगट काढायला निघालात. चांगलं आहे. मग त्याच विभागात काय घडलं ते तुम्हाला माहीत असलेलं बरं. ऐकीव नाही सांगत. ज्यांच्या बाबतीत घडलं ते सर माझ्या चांगल्या ओळखीचे, आणि घडत होतं तेव्हा त्यांच्या नि माझ्यामध्ये फक्त एक लाकडी पार्टिशन होतं.

त्यांना सगळे भिंगसर म्हणायचे. कोटाच्या खिशात कायम भिंग. जेवणाचा डबा उघडला तरी आधी भिंगातून बघतील, अशी आम्ही थट्टा करायचो. माणूस हुशार, शिकवायला गोड, पण नाकावर माशी बसू द्यायचा नाही. त्यांचा वाचनगट दर गुरुवारी सहा ते आठ भरायचा. जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाच्या खोलीत. खोलीला लागून माझा बांधणी विभाग. खोलीची चावी माझ्याकडे आणि चावीची वहीही माझ्याकडे. कोणी नेली, किती वाजता, किती जण. एवढं लिहायचं. काम काही फार नव्हतं, पण मला त्याचा कंटाळा होता. तो कंटाळा ध्यानात ठेवा.

गट सात जणांचा. वाचायचे काय, तर एका जुन्या नगराच्या वेशीवरची नोंदवही. सहाशे वर्षांपूर्वीची. सूर्य मावळला की वेस बंद व्हायची आणि त्याआधी जो जो आत आला त्याची पहारेकऱ्याने एक ओळ लिहायची. कुंभार एक, गाढवासह, आत. सुईण एक, दिवा घेऊन, आत. अशी पानंच्या पानं. मूळ वही लांब कुठेतरी, यांच्याकडे नुसत्या छायाप्रती.

वाचायची रीत ठरलेली. कागद टेबलाच्या मधोमध. ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी, म्हणजे डोळा खालच्या ओळीवर घसरत नाही. एकाने एकच ओळ वाचायची, पट्टी खाली सरकवायची आणि म्हणायचं, "पुढे." मग शेजारच्याने पुढची. अडला तरी दुसऱ्याने त्याची ओळ वाचायची नाही. थांबायचं. पार्टिशनमधून मला सगळं ऐकू यायचं. मी खळ लावत बसलेलो असायचो आणि पलीकडून दर मिनिटाला पुढे... पुढे... पुढे. सवय झाली होती कानाला.

त्या सातांत एक टपालकाका होते. निवृत्त माणूस. आयुष्यभर टपाल कचेरीत पत्रांची छाननी केलेली, त्यामुळे कसलंही गिचमिड अक्षर वाचायचे. बायको गेल्यावर घरात एकटेच. विद्यापीठाच्या फाटकावर 'सर्वांना प्रवेश' अशी पाटी वाचून आत आले ते आलेच. पट्टीसुद्धा स्वतःची, जुन्या पोस्टकार्डातून कापलेली. वरच्या खिशात निळी पेन्सिल, कचेरीतल्या सवयीची. पावणेसहालाच येऊन माझ्या दाराशी उभे राहायचे. म्हणायचे, "आठवड्यात दोनच दिवस असतात हो मला. एक गुरुवार आणि एक बाकीचा."

त्या वर्षी उन्हाळ्यात विभागाने मोठा कार्यक्रम केला. बाहेरून एक नावाजलेले पाहुणे आले, सभागृह भरलं, आणि गटाने सगळ्यांसमोर एक पान वाचून दाखवलं. मी मागे उभा होतो. पान पडद्यावर हे एवढं मोठं. पंधराव्या ओळीवर सर थांबले. ओळ होती, म्हातारा एक, वेशीशी... आणि मग काही नाही. 'आत' नाही. शेवटी खाली एक बारीक डाग. सर म्हणाले, डाग आहे, ओळ इथेच संपते, पुढे.

टपालकाका जागेवरून उठले. वाईट हेतू नव्हता त्यांचा, उत्साहच तेवढा. म्हणाले, "सर, तो डाग नाही. काकपद आहे. काहीतरी सुटलंय इथे."

काकपद म्हणजे काय ते या दोघांना सांग. काही लिहायचं राहिलं की त्या जागी खाली कावळ्याच्या पायासारखी टोकदार खूण करतात आणि राहिलेला शब्द समासात लिहितात. पाहुणे उठून पडद्याजवळ गेले, बघितलं, आणि म्हणाले की हे गृहस्थ बरोबर सांगतायत. समासातला शब्द मात्र गेलेला. कुणी तरी नंतर वही बांधताना कडा छाटल्या आणि त्यात शब्द गेला. आमच्याच धंद्यातला कुणी शहाणा. म्हणजे तो म्हातारा आत आला की बाहेर राहिला, ते आता कुणालाच कळणार नाही.

पाहुणे गमतीने म्हणाले, "सर, भिंग यांना द्या." सभागृह हसलं. सरही हसले. पण कान लाल झालेले मी मागून पाहिले. त्यानंतर गटात ते पान पुन्हा कधी निघालं नाही.

सप्टेंबरात वाचनगट नव्या इमारतीत गेला. वारही बदलला, गुरुवारचा मंगळवार. सरांनी नव्या वहीत सगळ्यांची नावं-पत्ते उतरवले आणि त्यावरून सगळ्यांना पत्रं गेली. यादीत एकाच आडनावाची दोन माणसं एकाखाली एक होती. एक वनस्पतिशास्त्राच्या बाई, दुसरे टपालकाका. बाईंना पत्र गेलं. काकांना गेलं नाही. जन्मभर लोकांची पत्रं पोचवली त्या माणसाने, आणि त्याचं एक पत्र निघालंच नाही. गटातल्या बाकीच्यांना वाटलं, म्हातारा आजारी असेल, सर बघतील. कुणी विचारलं नाही.

काका गुरुवारी आले. पावणेसहाला. मी चावी दिली. ते आत जाऊन बसले. आठ वाजता दिवा बंद करून चावी परत दिली. म्हणाले, "आज कोणी आलं नाही. येतील."

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही. गट हलल्याचं मला माहीत होतं, पुस्तकांची खोकी न्यायला मीच हात लावला होता. मी बोललो नाही. मला वाटलं, त्यांना एकांत आवडत असेल. वहीत त्यांची नोंदही करत नव्हतो. एकट्या म्हाताऱ्यासाठी वही कोण उघडणार? पार्टिशनमधून एकदाच आवाज यायचा. एक ओळ. मग "पुढे." मग आठ वाजेपर्यंत काही नाही.

नोव्हेंबर अर्धा उलटला आणि ते यायचे थांबले.

डिसेंबरच्या पहिल्या मंगळवारी त्यांची पुतणी नव्या इमारतीत सरांना शोधत आली. काका गेले म्हणाली. ताप होता, दोन दिवस दार उघडलं नाही तेव्हा शेजाऱ्यांना कळलं. सामानात ही पिशवी मिळाली, वर तुमच्या गटाचं नाव होतं. पिशवीत त्या पंधराव्या ओळीच्या पानाची छायाप्रत, पोस्टकार्डाची पट्टी आणि एक छोटी वही. वहीत अकरा गुरुवार. प्रत्येकाखाली जवळपास तेच. 'कोणी आले नाही. पहिली ओळ वाचली. पुढे म्हटले. आठपर्यंत थांबलो.' पुढच्या गुरुवारी दुसरी ओळ. मग तिसरी. आपल्या पाळीची एक ओळ वाचायची आणि पुढच्यासाठी दोन तास थांबायचं. शेवटची नोंद अकराव्या ओळीची. 'पुढे म्हटले.' त्याच्यानंतर कोरं.

सरांनी मला ती वही नंतर दाखवली. ते म्हणाले की काकांना गेलेलं गटातल्या कुणीच पाहिलं नव्हतं, पण ती वही वाचताना समोर पाहिल्यासारखं वाटलं.

आता नीट ऐका. डिसेंबरची आठ तारीख, गुरुवार. जुनी खोली रिकामी करून चावी प्रशासनाला परत द्यायची होती. आत उरलं होतं काय, तर एक टेबल, काही खुर्च्या आणि सरांचा टेबलदिवा. तो दिवा न्यायला सर आले. तास संपवून आले म्हणून सहा वाजून दहा मिनिटं झाली होती. अंधार पडलेला. मी वहीत लिहिलं, सहा दहा, सर, एक जण. त्यांच्या काखेत ती पिशवी होती. मी म्हटलं, मी आठपर्यंत आहे. मान हलवून गेले.

बत्ती गेली नाही. वारा सुटला नाही. कुत्रं रडलं नाही. तसलं काही हवं असेल तर दुसरा आजोबा बघा.

मी एका जाड कोशाची शिवण घालत होतो. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग कागदाचा. आणि मग सरांचा आवाज, वर्गात असतो तसा.

"कुंभार एक, गाढवासह, आत. पुढे."

बारावी ओळ. काकांनी अकरावीनंतर पुढे म्हटलं होतं ना? त्याला कुणीतरी उत्तर द्यायला हवं होतं. सर तेवढंच करायला बसले होते. एक ओळ वाचायची आणि निघायचं, असं ते मला नंतर म्हणाले.

पण सवयीने त्यांनी पुढे म्हटलं. आणि रीत म्हणजे रीत, थांबले.

शांत होतं. एक ओळ वाचायला लागते ना, तेवढा वेळ. मी इकडे मनात मोजला असं नाही. पण इतकी वर्षं ती लय कानात होती. तेवढाच वेळ.

मग सरांचा आवाज आला. "भाऊ दोन, एक आजारी, आत. पुढे."

मी दाभण खाली ठेवलं. मला ते पान पाठ होतं. ही चौदावी ओळ. तेरावी सुईणीची. ती यांनी वाचली नव्हती.

आतलं मला सरांनी सांगितलं ते असं. बारावी वाचून ते थांबले तेव्हा नजर दिव्याकडे होती. परत कागदाकडे पाहिलं तर पट्टी चौदाव्या ओळीखाली. त्यांना वाटलं, आपणच सरकवली. म्हणून चौदावी वाचली. पट्टी एक ओळ सरकवली, पंधरावीखाली. पुढे म्हणाले. या वेळी नजर हलवली नाही. दोन्ही हात मांडीवर घेतले.

पंधरावी ओळ. म्हातारा एक, वेशीशी.

पाळी समोरच्याची होती.

इकडे मी ऐकत होतो. काही नाही... अजून काही नाही. ओळीपुरता वेळ झाला. दोन ओळींचा झाला. बाहेर कुणीतरी जिना उतरून गेलं, खालचं दार वाजलं, आणि मजल्यावर आम्ही दोघेच उरलो. दोघे... असं मला वाटत होतं.

मग सर बोलले. वाचायचा आवाज नव्हता तो.

"काका. चूक झाली माझी. यादी उतरवताना डोळा घसरला. आडनाव एकच होतं..."

शांत.

"पट्टी धरली नव्हती."

पट्टी हलली नाही. सर म्हणाले, तिच्याकडे इतकं बघितलं की पोस्टकार्डावरचा जुना शिक्का वाचता यायला लागला. समोरची खुर्ची रिकामी. थंडी नाही, वास नाही, काही नाही. फक्त कुणीतरी थांबलंय. अडलेल्या माणसासाठी थांबतात तसं, न रागावता. ते सहन होईना, म्हणाले. रागावलं असतं तर बरं झालं असतं.

बराच वेळ गेला. मी उठून पार्टिशनला हात लावून उभा होतो.

"नाही," सर म्हणाले. हळू. "डोळा नाही घसरला."

...

"नाव दिसलं होतं मला. पेन टेकवलं होतं. ते हसणं आठवलं सभागृहातलं... म्हटलं, नंतर लिहू."

...

"नंतर लिहिलंच नाही."

आणि मी ऐकलं. शपथेवर सांगतो, मी ऐकलं. कागदावरून पुठ्ठा सरकल्याचा आवाज. एवढासा. दुसऱ्या कुणाला कळलाही नसता, मला पुठ्ठ्याचा आवाज कळतो.

मग सरांच्या रडण्याचा.

त्या खोलीत मी गेलो नाही. जायला हवं होतं.

पावणेआठला सर बाहेर आले. दिवा आणलाच नाही. कागद नाही, पट्टी नाही, सगळं टेबलावर ठेवून आले. चावी माझ्या हातात दिली. जे घडलं ते तिथेच उभं राहून सांगितलं त्यांनी मला, एका दमात, आणि शेवटी विचारलं, "तुम्ही ऐकलंत ना?" मी हो म्हणालो. बरं वाटलं त्यांना. त्या वर्षाअखेर त्यांनी दुसरीकडे बदली करून घेतली. जाण्याआधी पुतणीच्या घरी जाऊन खरं काय ते सांगून आले. ती काय म्हणाली ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

तुम्हाला वाटलं, संपली गोष्ट. सरांची संपली.

सर जिना उतरून गेले आणि चावी परत आल्याची वेळ लिहायला मी वही उघडली.

सहा दहा. सर. एक जण. माझंच अक्षर. आणि 'एक'च्या पुढे, ओळीखाली, काकपद. निळ्या पेन्सिलीचं.

वही सबंध वेळ माझ्या कोपराशी होती. मी तिला हात लावला नव्हता.

मी मागचं पान उलटलं. मग त्याच्या मागचं. नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर. ज्या ज्या गुरुवारी मी काहीच लिहिलं नव्हतं, त्या त्या तारखेच्या जागी एकेक. अकरा. सगळी सारखी, नीट, टपाल कचेरीत वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाच्या हातची. समासात काही नाही. समास कोरे.

मघाशी मी तुम्हाला सांगितलं ना, मला वाटलं त्यांना एकांत आवडत असेल म्हणून. सरांनाही मी तेच सांगितलं. तुझ्या आजीलाही.

एकांत वगैरे काही नाही, पोरी. मला माहीत होतं ते कुणाची वाट बघतायत. सांगायला गेलो असतो तर बोलत बसले असते माझ्याशी. तासभर तरी. एकटी माणसं बोलायला लागली की उठवत नाहीत, आणि मला सव्वाआठची बस गाठायची असायची. म्हणून चावी द्यायचो नि मान खाली घालून शिवत बसायचो. अकरा गुरुवार. सरांनी एकदा केलं, मी अकरा वेळा.

हे आज पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय.

ती वही? निवृत्त होताना रद्दीत जाणार होती, मी मागून घेतली. त्या खालच्या खणात आहे, निळ्या कापडी बांधणीत. मीच बांधली. कडा छाटल्या नाहीत, म्हणून पानं अशी पुढेमागे दिसतात. काढ. सावकाश उलट. ही बघ सप्टेंबरातली पहिली खूण... दिसली? ही दुसरी...

थांब. पान धर तसंच.

दिवा जरा इकडे कर.

हा समास कोरा होता गं. इतकी वर्षं कोरा होता... तुझे डोळे चांगले आहेत, तू वाच. निळ्याने लिहिलंय ना काहीतरी?

काय लिहिलंय?

...'पुढे'?